जाळायच्या होत्या त्या वह्या : सुपे, मे १८७५

१२ मे १८७५, बुधवार. पुणे जिल्ह्यातल्या भीमथडी तालुक्यात, सुपे गावचा बाजारचा दिवस. सुपे हे काही आडगाव नव्हतं. शहाजीराजांच्या जहागिरीत ‘पुणे-सुपे’ असं जोडीनं ज्याचं नाव घेतलं जाई, तेच हे गाव; हल्ली बारामती तालुक्यात आहे. आसपासच्या वाड्या-वस्त्यांचं धान्य इथं येई आणि मीठ, कापड, गूळ इथून जाई. हा सगळा व्यवहार ज्यांच्या दुकानांतून चाले ते मारवाडी आणि गुजर वाणी होते. दुकानदार तेच, धान्याचे व्यापारी तेच आणि सावकारही तेच. हे तिन्ही धंदे एका माणसाच्या हातात असणं या प्रकरणात फार महत्त्वाचं आहे, त्यामुळे ते आधीच सांगून ठेवतो.

त्या दिवशी बाजाराला जमलेली कुणबी मंडळी दुकानांवर चालून गेली. वह्या बाहेर काढा, कर्जखतं बाहेर काढा, एवढीच मागणी होती. मग खतं पेटली, धान्य आणि कापड लुटलं गेलं. १५ तारखेला, शनिवारी, जिल्हा मॅजिस्ट्रेट सुप्यात पोचला आणि दुसऱ्या दिवशी त्यानं अहवाल लिहिला. एका सावकाराचं घर जळालं होतं. डझनभर घरं फोडून पार रिकामी केलेली होती. हिशेबाचे कागद, खतं, धान्य आणि देशी कापड भर रस्त्यात जाळलं होतं, आणि राखेचे ढीग तीन दिवसांनीही तिथंच पडून होते. फौजदारानं ५० जणांना पकडलं होतं आणि २,००० रुपयांचा माल परत मिळवला होता. नुकसानीचा सरकारी अंदाज २५,००० रुपयांच्या वर होता. सावकार १ लाख सांगत होते. हा अहवाल वाचताना मला नेहमी या दोन आकड्यांतल्या फरकाची गंमत वाटते. घरातलं धान्य-कापड मोजता येतं, पण जळालेल्या खताची किंमत किती धरायची? त्यावर लिहिलेली रक्कम, की कुळाकडून, म्हणजे कर्जदाराकडून, खरोखर वसूल होण्यासारखी रक्कम? १८७५ सालचं सगळं भांडण याच प्रश्नाभोवती फिरतं.

सुप्याची बातमी वाऱ्यासारखी पसरली. चोवीस तासांच्या आत १४ मैलांवरच्या एका गावात तिथल्या मोठ्या मारवाडी सावकाराचं घर जाळलं गेलं. पुढच्या दिवसांत भीमथडीतल्या आणखी गावांत, मग इंदापूर, पुरंदर, शिरूर आणि अहमदनगर जिल्ह्यातल्या पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या बाजूला लोण पोचलं. तीसहून जास्त गावं यात सापडली. गावागावांत पोलीस चौक्या बसल्या, लष्कर बोलावलं गेलं. दोन्ही जिल्हे मिळून साडेनऊशेच्या आसपास माणसं पकडली गेली, आणि त्यांतल्या निम्म्याहून थोड्या अधिकांना शिक्षा झाल्या.

इतिहासाच्या पुस्तकांत हे ‘दख्खनचे दंगे’ म्हणून येतं. मला मात्र ‘दंगे’ हा शब्द इथं नीट बसत नाही. सुप्यात लूट झाली हे खरं, पण नंतरच्या बहुतेक गावांत जे घडलं त्याला एक शिस्त होती. जमाव यायचा, कागद मागायचा. सावकारानं मुकाट्यानं दिले तर ते जाळून लोक आपापल्या घरी जायचे. नकार मिळाला की मग मारहाण आणि आग. गंभीर दुखापती झाल्या, पण इतक्या गावांतल्या इतक्या प्रकारांत खून झाले नाहीत. तीन पिढ्यांचा राग घेऊन आलेला जमाव कागद हाती पडल्यावर शांत होतो, तेव्हा त्याला नेमकं काय हवं होतं हे शोधायला फार खोल जावं लागत नाही.

पण कागदच का? कर्ज काही इंग्रजांनी आणलं नव्हतं. पेशवाईत कुणबी कर्जात नव्हता असं म्हणणं हा भाबडेपणा आहे. तेव्हाही सावकार होते, व्याज होतं, दारात तगादा होता. बदललं होतं ते कर्जामागचं बळ.

जुन्या व्यवस्थेत साऱ्याची, म्हणजे सरकारी जमीनमहसुलाची, घासाघीस साधारण गावाच्या पातळीवर होई. सावकार पाटलाला पैसा पुरवी, पाटील सरकारात भरी आणि मग गावाकडून वसूल करी. कुळानं पैसे थकवले तर सावकारापाशी तगादा होता, दारात धरणं होतं, पंचायत होती, पण कुळाची मिरास, म्हणजे वंशपरंपरेनं चालत आलेली, जमीन सहजी आपल्या नावावर करून घ्यायची सोय नव्हती. तशी ती घेतली असती तरी परजातीच्या, परगावच्या माणसाला ती कसून कोण देणार? दामदुपटीचा रिवाज होता : व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचं नाही, शंभराचे फार तर दोनशे. आणि सगळ्यांत मोठा लगाम म्हणजे सावकाराला त्याच गावात राहायचं होतं. पाणी गावचं, न्हावी गावचा, परीट गावचा. गाव फिरलं तर सावकाराचं जगणं अवघड होई. तो दयाळू होता असं नाही. त्याचे हात बांधलेले होते इतकंच.

१८१८ साली इंग्रजी अंमल आला, त्यानंतर हे बांध एकेक करून सुटत गेले. कोणी ठरवून सोडले असं म्हणता येणार नाही. प्रत्येक निर्णय स्वतंत्रपणे पाहिला तर शहाणपणाचाच वाटतो.

पहिला निर्णय साऱ्याचा. रयतवारीत सरकारचा व्यवहार थेट खातेदाराशी. प्रत्येक शेताला क्रमांक, प्रत्येक क्रमांकाला आकार, आणि तो रोख भरायचा. १८२० च्या दशकात प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्यानं केलेली मोजणी आणि बसवलेले दर इतके जड गेले की इंदापूर भागात शेतं ओस पडली, माणसं परागंदा झाली. त्याच इंदापुरात १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी दर उतरवून ३० वर्षांची बंदोबस्ती केली, म्हणजे तेवढ्या मुदतीसाठी सारा ठरवून टाकला. ती चालली. पडीक जमिनी नांगराखाली आल्या, माणसं वाढली. पण पूर्व पुणे आणि नगरचा हा पट्टा पर्जन्यछायेतला. ज्वारी-बाजरीची जिरायत, विहिरीला पाणी असेल तर थोडी बागायत. चार वर्षांत एक वर्ष बरं, एक वाईट आणि दोन कसंबसं निभावण्याची. सारा मात्र वर्षावर्षाला तोच, आणि हप्त्याची तारीखही ठरलेली. पीक खळ्यात यायच्या किंवा बाजारात नीट भाव मिळायच्या आत हप्ता उभा. मग पैसे आणायचे कुठून? दुकानातून. सावकार कुळाचा सारा परस्पर कचेरीत भरी आणि खात्यावर मांडी. म्हणजे सरकारी वसुली वेळेवर होत होती यातलं बरंच श्रेय सावकाराच्या थैलीला होतं, हे मामलेदारालाही ठाऊक होतं.

दुसरा निर्णय न्यायालयांचा आणि व्याजाचा. एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या कायद्यात न्यायालयानं द्यायच्या व्याजाला दरसाल १२ टक्क्यांची मर्यादा होती. १८५५ साली व्याजावरचे असे निर्बंध उठवले गेले. दोघांनी राजीखुशीनं ठरवलेला दर मधे पडून मोडणारं सरकार कोण, असा त्या काळच्या अर्थशास्त्राचा विचार होता. ज्या दोघांत हा ‘राजीखुशीचा’ करार व्हायचा त्यांतल्या एकाला लिहिता-वाचता येत होतं. दुसरा खताखाली नांगर काढायचा. कुणब्याची सही म्हणजे निशाणी नांगर. वर काय लिहिलंय हे ज्याच्याकडून पैसे घेतले तोच वाचून दाखवी.

तिसरा निर्णय मुदतीच्या कायद्याचा, १८५९ चा. मला विचाराल तर या प्रकरणाचं मर्म इथं आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

कायद्याचा हेतू चांगला होता. कर्जखताची मुदत तीन वर्षं. त्यानंतर त्यावर दावा चालायचा नाही. वर्षानुवर्षं व्याज साचवत बसून एक दिवस अवाच्या सवा रक्कम मागायला सावकाराला वाव राहू नये, ही त्यामागची कल्पना. सावकारानं त्यावर साधा तोडगा काढला. तीन वर्षं भरत आली की कुळाला बोलवायचं, थकलेलं व्याज मुद्दलात मिळवायचं, आणि त्या बेरजेचं नवं खत करून घ्यायचं. जुनं व्याज नव्या खतात मुद्दल होऊन बसलं. कुळानं नकार दिला तर मुदत संपायच्या आत दावा.

आकडे मांडून पाहू. आकडे माझे आहेत, पण दर त्या काळात मुळीच वेगळा नव्हे. समजा कुळानं १०० रुपये घेतले, महिना शेकडा २ रुपये व्याजानं. तीन वर्षांचं व्याज ७२. नवं खत १७२ चं. आणखी तीन वर्षांनी २९५ रुपये १३ आणे आणि काही पै. नवव्या वर्षाच्या शेवटी ५०८ रुपयांच्या वर. मुदतीचा कायदा नसता आणि साधंच व्याज चढलं असतं, तर नऊ वर्षांनी ३१६ झाले असते. दामदुपटीनं तर २०० वरच थांबलं असतं. आता समजा कूळ प्रामाणिक आहे आणि दरवर्षी २० रुपये परत देतं. तीन वर्षांनी १०० अधिक ७२ वजा ६०, म्हणजे ११२. सहा वर्षांनी १३२ आणि थोडे आणे. नऊ वर्षांनी १६८. म्हणजे शंभर घेतले, एकशेऐंशी फेडले आणि एकशे अडुसष्ट अजून द्यायचेच आहेत. कुणबी म्हणे, मी फेडतोय तरी कर्ज वाढतंय. तो खोटं बोलत नव्हता आणि हिशेबही चुकलेला नव्हता.

आणि हे सगळं हिशेब सरळ ठेवला असं धरून. प्रत्यक्षात कर्ज देतानाच मनोती कापली जाई, म्हणजे खत शंभराचं आणि हातात पडायचे त्याहून कमी. परत आलेलं धान्य स्वस्त धरायचं, उधारीवर दिलेलं महाग. बियाण्याला सवाई-दिढी, म्हणजे सव्वापट-दीडपट परतफेड, वेगळीच. पावती मिळत नसे, जुनं खत फाडून हातात देत नसत. कर्जत तालुक्यातल्या मिरजगावच्या एका रयतेनं नगरच्या कलेक्टरला अर्ज केला होता. त्यात तक्रार अशी : आम्हाला कपडा आणि धान्य रोखीच्या भावानं मिळत नाही, रोख देणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा पंचवीस ते पन्नास टक्के जादा लावतात. दुकानदार आणि सावकार एकच असण्याचा अर्थ हा. कुळाला दुसरं दुकान नव्हतं, कारण दुसऱ्या दुकानात त्याची पत नव्हती.

शेवटी जमीन, बैल, गाडी खतात अडकत. बैल आणि गाड्या कर्जापोटी सावकाराला लिहून द्यायच्या आणि मग त्याच दिवशी तेच बैल, त्याच गाड्या भाड्यानं घ्यायच्या, असे भाडेखतांचे नमुने चौकशीत सापडले. बैल गोठ्यातून हललाही नाही. बदललं ते एवढंच की आजवर आपला असलेल्या बैलाचं आता दरमहा भाडं द्यायचं. जमिनीचंही तसंच. सात-बारा तेव्हा नव्हता, पण सरकारी दप्तरात नाव सावकाराचं चढे आणि कसणारा जुनाच मालक राही, आता दुसऱ्याची जमीन कसणारं कूळ म्हणून.

हे सगळं कोर्टात उभं राहत होतं हे लक्षात घ्यायला हवं. मुन्सफासमोर, म्हणजे दिवाणी न्यायाधीशासमोर, खत आलं, साक्षीदार उभे राहिले, निशाणी कुळाची आहे हे शाबीत झालं की हुकूमनामा, म्हणजे वसुलीचा आदेश. या खताच्या मागे काय घडलं, मूळ पैसे किती दिले, हे विचारायचं मुन्सफाला कारण नव्हतं. बहुतेक कुळं तर कोर्टात हजरच होत नसत; समन्स कळत नसे, शहरात जाऊन राहायला पैसे नसत, वकील तर दूरच. मग एकतर्फी निकाल. मग बेलिफ. जुन्या काळी गावानं ज्याला आवरलं असतं, त्या सावकाराच्या पाठीशी आता दूरच्या कोर्टाचा शिक्का होता आणि गावाला तो पुसता येत नव्हता. पुसता येत नव्हता तर जाळता येत होता.

एवढं असूनही १८६० च्या दशकात स्फोट झाला नाही, कारण तेव्हा पैसा खेळत होता. अमेरिकेत १८६१ साली यादवी सुरू झाली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचा अमेरिकी कापूस बंद पडला. मुंबईचे व्यापारी हिंदुस्थानचा कापूस मिळेल तिथून उचलू लागले. मुंबईच्या पेढ्यांतून पैसा तालुक्याच्या सावकाराकडे आणि तिथून कुळाकडे सैलपणे सुटला. दख्खनमध्ये कापसाच्या एकरामागे शंभर रुपये आगाऊ मिळत असल्याचे दाखले आहेत. इथं एक खुलासा मला करावासा वाटतो. शाळेच्या पुस्तकात कापूस, मग मंदी, मग दंगे असा सरळ धागा असतो. सुपे आणि भीमथडीला तो जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण हा मुलूख मुख्यतः ज्वारी-बाजरीचा, कापूस इथं थोडा. इथं आलेला पैसा धान्याच्या चढ्या भावाचा आणि रेल्वेच्या कामाचा. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला, पुण्याहून पूर्वेकडची लाइन त्याआधीच टाकली गेली होती, आणि त्या कामांवर मजुरी आणि गाडीभाडं मिळालं होतं. कापसानं इथं अप्रत्यक्ष काम केलं : भाव सगळेच वाढले आणि पत सैल झाली.

१८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध थांबलं, मुंबईत शेअरचा फुगा फुटला, भाव उतरू लागले. वरून पैसा आवळला गेला तसा खालीही आवळला गेला. सावकार नवं देईना, जुनं मागू लागला. आणि नेमक्या याच वेळी ३० वर्षांची बंदोबस्ती संपली. इंदापूरपासून फेरआकारणी सुरू झाली. अधिकाऱ्यांनी भाव पाहिले ते तेजीच्या वर्षांतले. बाजरी महाग झाली आहे, शेतकऱ्याचं बरं चाललं आहे, रेल्वे आली आहे. तेव्हा सारा वाढवायला हरकत नाही. तो कुठं पन्नास टक्के वाढला, कुठं दुप्पट झाला. तेजीच्या भावानं ठरवलेला सारा मंदीच्या भावात भरायचा होता. वाढीला पुढे १८७४ साली सरकारनंच मर्यादा घातली, यावरून आपला हात जड पडल्याचं त्यालाही उमगलं होतं असं दिसतं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं तर त्याआधीच शेतकऱ्यांच्या स्थितीवर अहवाल काढला होता.

मग आला एक विलक्षण हुकूम. १८७५ च्या सुरुवातीला सरकारनं ठरवलं की साऱ्याच्या बाकीसाठी आधी जंगम मालमत्ता, म्हणजे भांडीकुंडी-गुरं असलं हलवता येणारं, विकावी, जमीन त्यानंतर. हेतू पुन्हा चांगलाच. पण आजवर सावकार कुळाचा सारा भरत होता तो काही धर्म म्हणून नव्हे. सारा थकला तर आपल्याकडे गहाण असलेली जमीन लिलावात जाईल या भीतीनं. ती भीती गेल्यावर त्यानं थैली मिटली. कुळानं मागितलं तर, तुझी भांडी विकून भर. ऐन हप्त्याच्या तोंडावर.

हे चालू असताना शिरूर तालुक्यातल्या करड्यात एक वेगळीच गोष्ट घडून गेली होती. डिसेंबर १८७४ मध्ये काळूराम नावाच्या मारवाडी सावकारानं तिथल्या बाबासाहेब देशमुखांच्या घरावर हुकूमनामा मिळवला आणि घर पाडलं. देशमुख म्हणजे गावातलं मानाचं घर. त्याचं घर पाडलं जातं तिथं इतरांनी काय आशा धरायची? गावानं सावकारांना वाळीत टाकलं. दुकानात कुणी जाईना. शेतावर मजूर मिळेना. न्हावी, परीट, पाणक्या, घरगडी, सगळे थांबले. हळूहळू आसपासच्या गावांनीही तेच केलं. इंदापूर तालुक्यातल्या कळस गावी तर लोकांनी समपत्र, म्हणजे सगळ्यांनी मिळून केलेला करार, लिहून सह्या केल्या : गुजरांची जमीन कसणारा किंवा त्यांची चाकरी करणारा जातीच्या पंगतीला बसणार नाही, त्याच्याशी सोयरीक होणार नाही, न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार यांनी गुजरांचं काम करायचं नाही. कागदाचा ज्यांना एवढा जाच झाला, त्यांनीही शेवटी कागदच केला.

माझ्या दृष्टीनं करडं हे सुप्याच्या आधीचं पान आहे आणि ते सोडून सुपं समजत नाही. बहिष्कार हा जुना लगाम होता. गावानं आधी तोच ओढून पाहिला. पूर्वी त्यानं सावकार वठणीवर येई. आता सावकार गाडीत सामान भरून तालुक्याच्या गावी जाई आणि तिथून दावा लावी. खत त्याच्यापाशी असेपर्यंत गावाचं पाणी बंद झालं काय आणि नाही झालं काय. पाच महिन्यांनी सुप्याच्या बाजारात लोक पाण्याकडे किंवा न्हाव्याकडे वळले नाहीत, थेट वह्यांकडे वळले.

त्या दिवसांत पट्ट्यात एक वदंता फिरत होती. एका साहेबाची मालमत्ता मारवाड्यानं बुडवली, साहेबानं राणीकडे गाऱ्हाणं नेलं आणि राणीचा हुकूम सुटला की मारवाड्यांनी खतं परत करावीत. म्हणजे खतं मागायला निघालेल्यांतल्या काहींना आपण कायदा मोडतोय असं वाटतच नव्हतं. ते राणीचा हुकूम बजावत होते. ही वदंता खुळचट म्हणून सोडून देण्यासारखी नाही. सावकाराला पाठीशी घालणारं कोर्टही सरकारचंच, आणि खतं परत द्या म्हणणारी राणीही सरकारच. कुणब्याच्या मनात या दोन सरकारांची गाठ पडलेली नव्हती.

मारवाडी-गुजरांवरच रोख का, ब्राह्मण सावकारांवर का नाही, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. ब्राह्मण आणि कुणबी सावकारही होते, त्यांतले काही व्याजाला कमी नव्हते. पण ते गावचे होते, कुलकर्णी किंवा जमीनदार म्हणून गावाच्या दैनंदिन व्यवहारात गुंतलेले. मारवाडी नव्यानं आलेला, गावात सोयरीक नाही, देव-जत्रेत मान नाही, आणि न्यायालयात जाण्यात सगळ्यांत पुढे. जातीचा आणि परकेपणाचा राग यात होता हे नाकारण्यात अर्थ नाही. निव्वळ व्याजाचा राग असता तर सगळीच दुकानं सारखी पेटली असती.

सरकारनं १८७५ मध्येच चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. नगर जिल्ह्यातल्या निवडक गावांची पाहणी करून आयोगानं लिहिलं की सुमारे एक तृतीयांश खातेदार कर्जात आहेत, त्यांचं कर्ज त्यांच्या साऱ्याच्या सरासरी १८ पट आहे, आणि त्यातलं जवळपास दोन तृतीयांश जमिनीच्या गहाणावर आहे. आकडे झोप उडवणारे आहेत. निष्कर्ष मात्र सरकारच्या सोयीचा : रागाचं कारण सारा नव्हे, सावकार. आयोगातल्या सर्वांचं यावर एकमत नव्हतं. ऑकलंड कॉल्विन यांनी वेगळं टिपण जोडून साऱ्याच्या पद्धतीकडे बोट दाखवलं. वरचा सगळा हिशेब पाहिला तर कॉल्विनचं पारडं जड वाटतं. सावकार निर्दोष मुळीच नव्हता, पण त्याच्या दुकानाच्या पायरीवर कुळाला आणून उभं करणारा हप्ता कचेरीतून येत होता. आणि हेही सांगायला हवं की आपल्याला या घटनेबद्दल जे काही तपशीलवार माहीत आहे ते बहुतांशी याच आयोगाच्या दप्तरातून आलं आहे. साक्षी साहेबासमोर झाल्या. कुणब्याचा आवाज अर्जांत आणि भाषांतरांत येतो, आणि सारा जड आहे असं साहेबाच्या तोंडावर किती जण बोलले असतील?

१८७६ ला पाऊस गेला आणि मोठा दुष्काळ सुरू झाला. १८७९ च्या फेब्रुवारीत वासुदेव बळवंत फडक्यांनी याच जिल्ह्यात रामोशांना घेऊन सावकारांवर दरोडे घातले आणि जुलैत ते पकडले गेले. त्याच वर्षी, पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी, दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा आला. त्याच्या एका कलमाचं मला अप्रूप वाटतं. न्यायालयाला आता खताच्या मागे जाता येणार होतं. मूळ पैसे किती दिले, व्याज कसं चढवलं, हे पहिल्यापासून उकलून हिशेब नव्यानं मांडायचा. शेतकऱ्याला कर्जापायी तुरुंगात टाकणं बंद झालं. गावोगाव निबंधक नेमले, त्यांच्यासमोर खत वाचून दाखवायचं. सुप्यात वहीला आग लावून जे मागितलं गेलं, त्याचा काही भाग चार वर्षांनी कायद्याच्या भाषेत उतरला. पुढे न्यायमूर्ती रानड्यांनी विशेष न्यायाधीश म्हणून या कायद्याखालच्या कामावर देखरेख केली.

स्वस्त कर्ज कुठून मिळणार या प्रश्नाला मात्र उत्तर नव्हतं. विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली. ती लंडनमध्ये भारतमंत्र्याच्या कचेरीत अडली.

कुळाला सारा भरायचा होताच, बियाणं हवंच होतं, लग्नकार्य थांबत नव्हतं. आणि सावकारानं नवा कायदा वकिलाकडून नीट वाचून घेतला होता. गहाणखताचा हिशेब कोर्ट उकलतं, तर गहाणखत करायचंच कशाला? त्यानं खरेदीखत मागायला सुरुवात केली. जमीन आज विकली असं लिहून दे, पैसे परत आणशील तेव्हा मी तुला परत करीन; हे शेवटचं वाक्य तोंडी. खताखाली निशाणी नांगरच.